गाडीचा हिटर कुणी तोडला

३ डिसेंबर, बुधवार

हिटर लागत नाही!

बटण लाल टोकापर्यंत फिरवलं, पंखा पूर्ण वाढवला, काचा वर केल्या. जाळीतून नुसता गार वारा. पप्पा शेजारी बसून कुडकुडत होते. डायलिसिस झालं की त्यांना थंडी भरते हे नेहमीचंच, पण आज दात वाजत होते. माझी शाल, त्यांचा स्वेटर, मागच्या सीटवरची चादर, सगळं गुंडाळलं. तरी सेंटरपासून भुईगावपर्यंत थरथर थांबली नाही. घरी येऊन गरम पेज दिली. अर्धी वाटी प्यायले आणि म्हणाले, "उगाच धावपळ करतेस."

वसईत गाडीचा हिटर कोण लावतं? कुणीच नाही. पण गेल्या फेब्रुवारीत डायलिसिस सुरू झालं तेव्हा आम्ही लावायचो. गाडी वीस वर्षांची असली तरी हिटर मस्त चालायचा. पप्पा घर येईपर्यंत झोपून जायचे. नंतर उन्हाळा, पावसाळा. गरजच पडली नाही.

म्हणजे मधल्या काळात काहीतरी झालंय.

५ डिसेंबर, शुक्रवार

तुळिंजला कल्पेशच्या गॅरेजमध्ये गाडी टाकली. तो हसायलाच लागला. "मॅडम, हिटर? काश्मीरला चाललात काय?"

मी हसले नाही. पप्पांचं सांगितलं. मग जरा गंभीर झाला. बोनेट उघडून दोन मिनिटं बघितलं न बघितलं, लगेच निदान! थर्मोस्टॅट अडकलाय. म्हणजे इंजिनातलं पाणी सारखं फिरत राहतं, त्याला तापायला वेळच मिळत नाही. पाणी गार, म्हणून हिटर गार. संध्याकाळी बदलून ठेवतो म्हणाला.

मी तिथूनच कॉलेजला गेले. बारावीचं प्रॅक्टिकल, लॅबमध्ये उभं राहायला जागा नाही. डोकं मात्र गाडीत.

६ डिसेंबर, शनिवार

गाडी आणली. इंजिनाचा काटा बरोबर मधोमध. हिटर — गार!!

आणि आता आठवलं. काटा आधीही मधोमधच असायचा! इंजिन तापतच नव्हतं तर काटा वर कसा चढायचा? म्हणजे थर्मोस्टॅट चांगलाच होता. चांगली वस्तू काढून घेतली आणि दुसरी बसवली. बाई दिसली की असंच करतात.

८ डिसेंबर, सोमवार

पुन्हा तेच. आज गरम पाण्याची पिशवी बरोबर नेली होती. सिग्नलला पोचेपर्यंत ती कोमट झाली. पप्पांचे ओठ निळसर दिसत होते. ते म्हणतात तुला भास होतात.

संध्याकाळी कॅल्विनदादाचा फोन. त्याला हिटरचं सांगितलं तर एकदम गप्प झाला. एरवी त्याला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. थोड्या वेळाने म्हणाला, "जीना, विकून टाक ना ती गाडी. पप्पांना कॅबने ने. मी बघतो कॅबचं."

"एवढ्या सकाळी कॅब मिळते भुईगावात?"

मागून ॲंजेला वहिनीचा आवाज आला. "नको सांगू आत्ता." एवढंच ऐकू आलं. मग त्याने फोनवर हात ठेवला असावा.

काय नको सांगू?

१० डिसेंबर, बुधवार

गार. दोन पिशव्या नेल्या. काही उपयोग नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कल्पेशला फोन केला. "मॅडम, हवा अडकली असेल. येऊन जा." परत काहीतरी काढून ठेवेल! आधी मीच बघणार. लॅबमध्ये पंधरा वर्षं नळ्या जोडतेय. गाडीच्या नळ्या काय वेगळ्या असणार?

१४ डिसेंबर, रविवार

हात अजून काळे आहेत. लिंबू चोळलं तरी जात नाही. पण मला सापडलं!

चर्चमधून, मिस्सावरून आल्या आल्या बोनेट उघडलं. पप्पा खुर्ची टाकून पेरूखाली बसले होते, "हात भाजेल, हात भाजेल" करत. आधी थोडं वाचून घेतलं होतं. हिटर म्हणजे फार काही नसतं. इंजिनातलं गरम पाणी एका नळीने डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं, दुसऱ्या नळीने परत येतं. पंखा त्यावरून वारा मारतो. बस. तेव्हा इंजिन तापल्यावर दोन्ही नळ्यांना हात लावायचा. दोन्ही गरम असल्या तर बिघाड आत, बटणापाशी. एक गरम, एक गार असली तर मधे काहीतरी तुंबलंय.

मी नळ्या शोधत इंजिनामागच्या पत्र्यापर्यंत गेले. पत्र्यातून दोन धातूची तोंडं बाहेर आलेली. त्यांना नळ्या जोडलेल्या असायला हव्यात. नव्हत्याच! दोन्ही तोंडांवर रबराची टोपणं चढवून तारेने आवळलेली. आणि इंजिनाकडून आलेल्या दोन नळ्या एकमेकींना जोडून टाकलेल्या. मधला तुकडा कोरा करकरीत. क्लिपा चकाकताहेत. बाकी सगळं इंजिन तेलाने आणि धुळीने बरबटलेलं, त्यात त्या दोनच क्लिपा नव्या.

म्हणजे गरम पाणी निघतं आणि बाहेरच्या बाहेर परत जातं. हिटरपर्यंत थेंबही पोचत नाही.

हा बिघाड नाही. हे कुणीतरी हाताने केलंय.

पप्पांना दाखवलं. वाकून बघितलं त्यांनी. "अगं, असेल पूर्वीचं काहीतरी."

पूर्वीचं कसं? फेब्रुवारीत हिटर चालत होता!

१५ डिसेंबर, सोमवार

पप्पांना घरी सोडून तडक तुळिंजला. कल्पेशला बोनेट उघडून दाखवलं. त्याचा चेहरा उतरला.

"हे मी नाही केलं, मॅडम. आईशप्पथ."

"मग त्या दिवशी दिसलं कसं नाही?"

"गर्दी होती... थर्मोस्टॅटचंच असतं बहुतेक वेळा..." मग म्हणाला, थर्मोस्टॅटचे पैसे परत देतो.

मी त्याच्यावर विश्वास ठेवते असं नाही. पण त्याने कशाला करावं? त्याचा काय फायदा? त्याआधी गाडी त्याच्याकडे दिवाळीपूर्वी आली होती, ऑइल बदलायला. तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसून होते.

दुसरं कोण चालवतं ही गाडी? मी. आणि कॅल्विनदादा.

१६ डिसेंबर, मंगळवार

झोप नीट लागली नाही. सगळं आठवून लिहून काढते.

नोव्हेंबरात दादाने गाडी नेली होती. एकदा नाही, तीन-चार वेळा. त्यांच्याकडे बाईक आहे, मग गाडी कशाला? पहिल्यांदा म्हणाला डहाणूला मित्राकडे लग्न आहे, वहिनीला बाईकवर साडीत जमत नाही. नंतर "जरा काम आहे". काय काम, ते नाही.

त्याच सुमारास गाडीत एक गोडसर वास यायला लागला होता. मला वाटलं वहिनीचं अत्तर! मी काचा उघड्या टाकून गाडी दिवसभर उन्हात ठेवली होती. डाव्या बाजूची चटईही ओलसर लागली होती. म्हटलं, सांडलं असेल पाणी, आणि पुसायची तसदी कोण घेणार!

आता वाचलं. हिटरचा रेडिएटर गळायला लागला की आतली चटई ओली होते आणि गोडसर वास येतो. कूलंटचा.

म्हणजे गळत होता. आणि दादाने तो कुणाकडून तरी तोडून घेतला, नळ्या जोडून घेतल्या, गाडी आणून उभी केली आणि एक शब्द बोलला नाही. मी हिटर हिटर करतेय तेव्हासुद्धा नाही!

१७ डिसेंबर, बुधवार

विचारलं. फोनवर, सरळ. "नोव्हेंबरात गाडीला काही झालं होतं का?"

"नाही गं."

"कुठे बंद पडली होती? कुणाला दाखवली होती?"

"नाही म्हटलं ना! काय झालंय तुला?"

खोटं बोलताना त्याचा आवाज चढतो. शाळेत असल्यापासून.

१८ डिसेंबर, गुरुवार

टोल! टोलचे मेसेज पप्पांच्या फोनवर येतात. डहाणूला जायचं तर खानिवड्याचा टोल लागतोच. आज पप्पांचा फोन घेऊन नोव्हेंबरचे सगळे मेसेज खाली-वर केले. बँकेचे आहेत, विजेचे आहेत, टोलचा एकही नाही. पूर्ण महिन्यात नाही.

लग्नाला गेलाच नव्हता. टोल नाही म्हणजे उत्तरेला नाही. मुंबईकडे छोट्या गाड्यांना टोल माफ आहे. मग मुंबईला? मुंबईला काय आहे त्यांचं?

पप्पा विचारत होते, फोनमध्ये एवढं काय बघतेस. म्हटलं, फोटो.

२१ डिसेंबर, रविवार

मिस्सानंतर वहिनी आवारात भेटली. नंदाखालहून मुद्दाम इकडच्या मिस्साला आली होती. आपल्या चर्चला सोडून! म्हणाली, "पप्पा कसे आहेत? वजन किती वाढतं मधल्या दिवसांत? पाणी किती पितात?" मी म्हटलं ठीक आहेत. तिने माझ्या हाताला हात लावला. "जीना, एकदा ये ना घरी. बोलायचंय."

"आता नाताळची कामं आहेत."

मम्मी शेवटच्या आजारात होती तेव्हा ही महिनाभर फिरकली नव्हती. तिच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणे. असेल. पण आता एकाएकी वजन किती आणि पाणी किती?

२५ डिसेंबर, नाताळ

सगळे जेवायला आमच्याकडे. मी डुकराच्या मटणाचं इंद्याळ केलं होतं, मम्मीच्या पद्धतीने. पप्पांना दोन तुकडेच, तरी खूश होते. दादाने त्यांच्याशी पत्ते मांडले आणि मुद्दाम हरला. ते बघून क्षणभर वाटलं, मी उगाच संशय घेतेय.

मग वहिनी स्वयंपाकघरात आली. जेवणात तिने इंद्याळाला हात लावला नव्हता, वाईन तर ओठालाही नाही. नुसता भात आणि भाजी. मला वाटलं माझ्या हातचं नको असेल! ताटं विसळता विसळता म्हणाली, "जीना, पप्पांच्या आधार कार्डाची एक झेरॉक्स देशील? आणि डॉक्टरांची फाईल दोन दिवस हवी होती."

"कशाला?"

ती अडखळली. "कॅल्विनला हवीय. एका... एका ठिकाणी दाखवायला."

"दादाला हवी तर दादा मागेल."

तिचे कान लाल झाले. ताटं पुसत राहिली.

आधार कार्ड. आणि माणूस किती आजारी आहे त्याची फाईल. मुंबईच्या फेऱ्या. गाडी विकून टाक. आता मला दिसायला लागलंय. मागची वाडी पप्पांच्या एकट्याच्या नावावर आहे. नारळ, केळी, विहीर, समुद्राकडची शेवटची बाजूसुद्धा. अशा जागेवर डोळा असलेले किती बिल्डर मुंबईत बसलेत, आपल्याला काय माहीत! आणि आजारी माणसाची सही घ्यायला कितीसा वेळ लागतो?

पप्पांच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्सला अडकवली.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज थंडी जास्त. घराशी आल्यावर दार उघडलं तर पप्पांना स्वतःहून उठता येईना. सुशीलाकाकू शेजारून धावत आल्या, आम्ही दोघींनी धरून आत नेलं. पाय बर्फासारखे. काकूंनी तेल गरम करून तळवे चोळले. "बॅप्टिस्टभाऊ, अशी थंडी बरी नव्हं," म्हणत राहिल्या.

हे कुणी केलं ते मला माहीत आहे आणि मी त्याच्याबरोबर काल केक कापला.

२९ डिसेंबर, सोमवार

कल्पेश म्हणतो, हिटर पुन्हा जोडायचा तर आतला रेडिएटर बदलावा लागेल, पूर्ण डॅशबोर्ड उतरवायचा. जुन्या गाडीचा सुटा भाग मिळायला वेळ लागेल. मी म्हटलं मिळव. आणि या वेळी मी समोर उभी राहणार.

२ जानेवारी, शुक्रवार

यादीबद्दल विचारलं आज डॉक्टरांना. मूत्रपिंडासाठी नाव लावून वर्ष होत आलं. "नंबर पुढे सरकतोय, पण हळू," म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "काळजी करू नका. होईल काहीतरी."

डॉक्टर असं कधी हसत नाहीत. काय होईल? मला तर सगळे रस्ते बंद दिसतात. माझा रक्तगट पप्पांना चालत नाही. दादाला शुगर. आमच्या दोघांचं उत्तर मागच्या उन्हाळ्यातच आलं होतं.

६ जानेवारी, मंगळवार

कॉलेजला सुट्टी टाकली. दिवसभर गॅरेजमध्ये उभी. डॅशबोर्ड उतरवलेली गाडी बघवत नाही, नुसत्या वायरी. शेवटी तो छोटा रेडिएटर निघाला. वहीएवढा. एका कोपऱ्यात हिरवट पांढरी खरपूड, तिथेच फुटलेला. माझा अंदाज बरोबर.

कल्पेश तो हातात फिरवत म्हणाला, "हा एकदम फुटला असणार. पाणी सगळं आत. रस्त्यात गाडी तापली असेल, कुणीतरी तिथेच नळ्या जोडून दिल्या. नाहीतर इंजिन गेलं असतं, मॅडम. ज्याने केलं त्याने गाडी वाचवली."

असेल वाचवली. मी ते मानते. पण मग सांगितलं का नाही? माणूस आपली गाडी रस्त्यात बंद पडली हे का लपवतो? कारण तो रस्ता कुठे जात होता ते सांगावं लागेल म्हणून!

सीट सरकवल्या तेव्हा खाली कापसाचा बोळा मिळाला, चिकटपट्टीसकट. सेंटरमध्ये पप्पांच्या हाताला लावतात तसला. टाकून दिला.

७ जानेवारी, बुधवार

गरम! गरम!! गरम!!!

सेंटरच्या दारात गाडी आधीच चालू करून ठेवली होती. पप्पा आत बसले आणि जाळीपुढे दोन्ही हात धरले. उमेळ्यापर्यंत मान कलली. घोरत होते! मी आपली घामाने निथळतेय, कुर्ता पाठीला चिकटलाय, पण काच खाली केली नाही. घराशी येऊनसुद्धा थोडा वेळ गाडी तशीच चालू ठेवून बसले.

उठल्यावर म्हणाले, "पोचलो पण?"

आज त्यांनी पूर्ण वाटी पेज घेतली.

९ जानेवारी, शुक्रवार

हिटर उत्तम.

१२ जानेवारी, सोमवार

सुशीलाकाकू शेवग्याच्या शेंगा घेऊन आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुझी वैनी बरी हाय ना? नाय, त्या दिवाळीनंतर तुमची गाडी वळणावर उभी व्हती. ती दार उघडून बसलेली, उलट्या करत व्हती. कॅल्विन पानी देत व्हता. मी हाक मारली तर म्हनाला, जीनाला सांगू नका काकू, उगाच घाबरेल."

मी घाबरेन? वहिनीच्या उलट्यांनी?

बाळ असेल? चाळिशीत? मग वाईन घेतली नाही ते बरोबर. मग वाटा हवा हेही बरोबर! एक एक गोष्ट जुळतेय.

काकूंना शेंगा छान आहेत म्हटलं.

१४ जानेवारी, बुधवार

वहिनीचे आज दोन फोन. उचलले नाहीत. मग मेसेज: "जीना, पप्पांसमोर बोलता येणार नाही असं आहे. एकदा बाहेर भेट. प्लीज."

पप्पांसमोर बोलता येणार नाही! हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय. पप्पांच्या जागेबद्दल पप्पांसमोर कसं बोलणार?

उत्तर दिलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

दादा कॉलेजच्या गेटवर उभा होता. बाईकवर बसून. बारीक झालाय. "चहा घेऊ," म्हणाला. मी म्हटलं, "आधी सांग, नोव्हेंबरात गाडी कुठे बंद पडली?"

"हायवेला. काशिमीराच्या पुढे, मुंबईकडे जाताना." शेवटी बोलला!

"आणि डहाणूचं लग्न?"

खाली बघितलं त्याने. "लग्न नव्हतं. तेच तर सांगायला आलोय. चल ना, बसून बोलू. रस्त्यात सांगायची गोष्ट नाही."

"पप्पा त्या हिटरवाचून महिनाभर गारठत होते. एक दिवस तर उचलून आत न्यावं लागलं. तुला फोनवर विचारलं तेव्हा तू नाही म्हणालास. आता बसून काय बोलायचं?"

त्याचे डोळे भरले. म्हणाला, "मला माहीत नव्हतं त्यांना एवढा त्रास होतो. तू सांगितलं नाहीस."

मी सांगितलं नाही! मी!

रिक्षाला हात केला आणि निघून आले. मागे हाक मारत होता. सगळी पोरं बघत होती.

१९ जानेवारी, सोमवार

नालासोपाऱ्याच्या वकीलबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, वडील शुद्धीत आहेत, त्यांच्या मनाविरुद्ध कुणी काही करू शकत नाही. पण त्यांना एकटं कुणाबरोबर पाठवू नका. सह्या होऊन जातात, मग वर्षं जातात.

बरोबर. एकटं पाठवायचं नाही.

पप्पांना थोडं सांगितलं. नावं न घेता. म्हटलं, कुणी कुठे न्यायला आलं तर माझ्याशिवाय जायचं नाही. ते म्हणाले, "मला कोण नेणार आणि कुठे? तुझ्या गाडीत बसायचं, एवढंच माझं राहिलंय." हसले.

२२ जानेवारी, गुरुवार

आले. मला वाटलंच होतं.

सकाळी मी डबा भरत होते. फाटकाशी रिक्षा थांबली. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनी चांगल्या साडीत, हातात मोठं पाकीट. दादा व्हरांड्यात आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पप्पा, कपडे बदला. मुंबईला जाऊन येऊ. एका मोठ्या डॉक्टरांना भेटायचंय. अकराची वेळ मिळालीय."

पप्पा माझ्याकडे बघायला लागले.

मी हात पुसत बाहेर आले. "कुठले डॉक्टर?"

"मोठे आहेत. तिथे गेल्यावर ते सगळं समजावतील."

"पप्पांचे डॉक्टर माझ्याशी बोलतात. फाईल माझ्याकडे आहे. मला न विचारता वेळ कुणी घेतली?"

"तू विचारू देतेस?" दादाचा आवाज चढला. "फोन घेत नाहीस, समोर आलो तर पळतेस! जीना, आजची वेळ फार मुश्किलीने मिळालीय. गाडीची चावी दे. तूही चल. चल बरोबर!"

मी चावी मुठीत धरली. "त्या पाकिटात काय आहे?"

वहिनीने पाकीट छातीशी घेतलं. बस, मला पुरे झालं.

"पप्पा कुठेही जाणार नाहीत. गाडीही नाही."

वहिनी पुढे आली. अगदी हळू म्हणाली, "जीना, दोन मिनिटं माझ्याबरोबर विहिरीकडे चल. फक्त दोन मिनिटं. मग तुला वाटेल ते कर."

"जे बोलायचं ते इथे बोल. पप्पांसमोर. त्यांच्याबद्दलच आहे ना?"

तिने पप्पांकडे बघितलं. पप्पा खुर्चीत, मांडीवर शाल, तोंड किंचित उघडं. तिने ओठ उघडले आणि मिटले. मी म्हटलं, "बघ. येत नाही ना बोलता?"

दादा ओरडला, "अगं मूर्ख, तुला माहीत तरी आहे का ती काय—"

वहिनीने त्याचा दंड धरला. "कॅल्विन. नको. त्यांच्यासमोर असं नको." आणि मग पप्पांजवळ जाऊन वाकली, त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला. "येते, पप्पा. पुन्हा येऊ."

दोघं चालत वळणापर्यंत गेले. रिक्षा सोडून दिली होती ना, गाडी मिळेल या हिशेबाने! वळणावर दादा थांबला, डोकं धरून उभा राहिला. वहिनी त्याच्याशी काहीतरी बोलली आणि मग ती एकटीच पुढे गेली.

संध्याकाळी पप्पा म्हणाले, "ॲंजेलाचे हात गार होते."

मी बरोबर केलं. मी बरोबरच केलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

पप्पांना मशीनला लावलं आणि डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"काल पप्पांना का नाही नेलं? मुंबईहून फोन होता. तुमची वहिनी एकटीच गेली."

मी म्हटलं, कुठे?

त्यांना वाटत होतं मला सगळं माहीत आहे. नोव्हेंबरपासून तिच्या तपासण्या चालू आहेत. रक्त, स्कॅन, सगळं. स्कॅनच्या इंजेक्शनने उलट्या झाल्या, तपासण्यांसाठी मांस आणि वाईन बंद. रक्त जुळल्याचं नाताळाआधी कळलं, शेवटचा रिपोर्ट परवा आला. जुळतंय. वहिनी पप्पांना मूत्रपिंड देणार आहे. सुनेचं घ्यायला पप्पा कधीच तयार होणार नाहीत, म्हणून काल त्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना समजावायचं ठरलं होतं. आणि मला आधी सांगितलं नाही, कारण मागच्या उन्हाळ्यात माझं जुळलं नाही तेव्हा माझी काय अवस्था झाली होती ते तिने बघितलं होतं. निदान रक्त जुळल्यावरच जीनाला सांगू, म्हणाली होती.

डॉक्टर म्हणाले, "पुढची वेळ मी मागतो. पण पप्पांना तयार कोण करणार?"

मी म्हटलं, मी करते.

पप्पांचं मशीन सुटायला अजून वेळ आहे. वहिनीकडे नंदाखालला निघालेय. येतेय असं फोन करून सांगितलं नाही. तिने नाही उचलला तर?